दाजींचा तक्ता आणि कॅनडातले घरभाडे

माझा भाचा येत्या जानेवारीत सांगलीहून कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात शिकायला येणार आहे. गेल्या महिन्यात दाजींनी त्याच्या वर्षभराच्या खर्चाचा तक्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे फी, विमा, बसचा पास, जेवण असे रकाने चोख आखलेले होते. भाड्याच्या रकान्यात त्यांनी महिना ७२४ डॉलर धरले होते आणि खाली टीप दिली होती: कॅनडात दोन बेडरूमच्या घराचे सरासरी भाडे १,४४७ डॉलर, दोघांत निम्मे. ताई फोनवर म्हणाली, "सरकारी आकडा आहे रे, खात्रीचा."

आकडा खरोखरच खात्रीचा आहे. तरीही मी दाजींना तो रकाना खोडायला लावला. असे का केले हे त्यांना समजावून सांगताना तासभर गेला, आणि आपल्याकडून मुले पाठवणाऱ्या प्रत्येक घरात हाच तक्ता थोड्याफार फरकाने आखला जात असणार, म्हणून ते सगळे इथे लिहून ठेवत आहे.

हा आकडा कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा आहे. सगळे जण त्याला सीएमएचसी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरे मिळावीत म्हणून १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दर ऑक्टोबरमध्ये भाड्याच्या घरांची पाहणी करते आणि तिचे तक्ते कोणालाही फुकट पाहता येतात. १०,००० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांमध्ये, मुळातच भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या आणि किमान तीन घरे असलेल्या इमारती या पाहणीत येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा इमारतींतील दोन बेडरूमच्या घराचे देशभरातील सरासरी भाडे १,३५९ डॉलर होते, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १,४४७ डॉलर झाले.

मात्र ही सरासरी त्या घरांत आज राहत असलेल्या भाडेकरूंच्या भाड्याची आहे. टोरांटोजवळच्या मिसिसागात मी ज्या इमारतीत राहतो तिथलेच उदाहरण घेतो. माझ्यापासून दोन दारे सोडून एक आजी २००४ पासून राहतात. त्यांच्या आणि माझ्या घराचा आराखडा अगदी एकच आहे, स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा त्याच बाजूला उघडते. त्या महिना १,२४० डॉलर देतात आणि मी २,१५० डॉलर देतो. आम्हा दोघांची सरासरी १,६९५ डॉलर होते, आणि त्या भाड्यात या इमारतीत एकही घर मिळत नाही. याचे कारण ओंटारियोच्या कायद्यात आहे. राहत्या भाडेकरूचे भाडे वर्षाला किती वाढवता येईल याची मर्यादा सरकार ठरवते. २०२५ साठी ती २.५ टक्के आहे आणि २०२६ साठी २.१ टक्के. परंतु घर रिकामे झाले की नव्या भाडेकरूकडून काय घ्यायचे ते मालकाने ठरवावे, त्याला मर्यादा नाही. शिवाय १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहण्यासाठी वापरात आलेल्या घरांना ही वार्षिक मर्यादाही लागू होत नाही. नवीन टॉवरमध्ये घर भाड्याने घेणाऱ्याने हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यायला हवे.

ही दरी खुद्द सीएमएचसीनेच मोजलेली आहे. २०२३ च्या पाहणीत भाडेकरू बदललेल्या दोन बेडरूमच्या घरांचे भाडे सुमारे २४ टक्क्यांनी चढलेले आढळले, आणि टोरांटोत ही वाढ ४० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे नव्याने येणाऱ्याने पाहायचा आकडा त्याच अहवालात आहे, फक्त तो पहिल्या पानावरच्या सरासरीत दिसत नाही.

आज घर शोधणाऱ्याला काय सांगितले जाते हे पाहायचे असेल तर जाहिरातींतल्या भाड्याकडे वळावे लागते. रेंटल्स.सीए हे संकेतस्थळ अर्बनेशन या संस्थेबरोबर दर महिन्याला असा अहवाल काढते. त्यांच्या अहवालात मे २०२४ मध्ये देशाची सरासरी २,२०० डॉलरच्या पुढे गेली होती, आणि ओंटारियोसह चार प्रांतांतील सामायिक घरांमधल्या खोल्यांचे भाडेही त्यात वेगळे दिलेले असते. जून २०२५ पासून स्टॅटिस्टिक्स कॅनडा या सरकारी सांख्यिकी खात्यानेही जाहिरातींवरून काढलेली तिमाही भाडी शहरवार प्रसिद्ध करायला सुरुवात केली असून त्यांची मालिका २०१९ पासूनची आहे. माझ्या मते परदेशातून येणाऱ्यासाठी सध्या हाच सर्वांत उपयोगी सरकारी तक्ता आहे. अर्थात जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाने मागितलेले भाडे, ठरलेले नव्हे. शिवाय ओळखीतून, मंडळाच्या ग्रुपवरून किंवा दुकानाच्या फलकावरून जी खोली जाते, ती या मोजणीत येतच नाही.

दाजींचा पुढचा प्रश्न असा होता: रिकाम्या घरांचे प्रमाण २०२३ मध्ये १.५ टक्के होते, २०२४ मध्ये २.२ टक्के झाले, तर मग खोली मिळणे सोपे झाले असेल ना? प्रश्न रास्त आहे, आणि परिस्थिती थोडी सैल झाली आहे हेही खरे. मात्र हे प्रमाणसुद्धा त्याच इमारतींचे आहे. मालकीचे फ्लॅट जे भाड्याने दिले जातात, त्यांची सीएमएचसी काही शहरांत वेगळी पाहणी करते. बंगल्याच्या बेसमेंटची अशी वार्षिक पाहणी नाही. आपली मुले पहिल्या वर्षी राहतात ती मात्र बहुधा बेसमेंटमध्येच.

मीही राहिलो आहे. २०१५ मध्ये आलो तेव्हा ब्रॅम्प्टनमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही पाच जण होतो. वीतभर उंचीची एकच खिडकी, बाहेरच्या जमिनीच्या पातळीला, त्यामुळे डिसेंबरपासून मार्चपर्यंत तिच्यातून बर्फाचा नुसता पांढरा थर दिसायचा. माझी गादी घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीला लागून होती. रात्री भट्टी सुरू होताना भिंतीत एक ठोका पडायचा आणि मला जाग यायची. पत्ता वरच्या घराचाच होता, बेसमेंटला वेगळा क्रमांक नव्हता. मे २०१६ मध्ये जनगणनेचे पत्र आले ते त्या एकाच पत्त्यावर. मालकांनी फॉर्ममध्ये आपल्या कुटुंबातली चार माणसे लिहिली आणि पत्र फ्रिजवर लावून ठेवले. विद्यार्थ्यांची गणती त्यांच्या मायदेशात होत असेल असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते. वास्तविक अभ्यासाच्या परवान्यावर इथे राहणाऱ्यांनाही इथल्याच जनगणनेत मोजायचे असते. आम्ही पाचही जण त्या कागदावर नव्हतो.

परवडण्याचा प्रश्न जिथे मोजला जातो तिथेही असेच घडते. उत्पन्नाच्या ३० टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम घरावर खर्च करावी लागली तर ते घर परवडत नाही, असा इथला सरकारी निकष आहे. २०१६ च्या जनगणनेत भाडेकरूंपैकी ४० टक्के कुटुंबे या रेषेपलीकडे होती, तर २०२१ मध्ये हे प्रमाण ३३.२ टक्क्यांवर आले. हे वाचून भाडी उतरली असे कोणालाही वाटेल, पण तसे झाले नव्हते. २०२१ च्या जनगणनेत उत्पन्न धरले होते ते २०२० या वर्षाचे, आणि त्या वर्षी कोविडमुळे काम गेलेल्यांना केंद्र सरकारने महिना २,००० डॉलरपर्यंत मदत दिली होती. भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे उत्पन्न, तेवढ्या वर्षापुरता वाढला होता.

याहून मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. घर मोडकळीला आलेले, माणसांच्या मानाने अपुरे किंवा न परवडणारे असेल आणि त्याच भागात दुसरे पुरेसे चांगले घर भाड्याने घेण्याची ऐपत नसेल, तर ते कुटुंब निवाऱ्याच्या मूलभूत गरजेत आहे असे इथे मानतात. २०२१ मध्ये अशी कुटुंबे १०.१ टक्के होती. परंतु कुटुंबाशिवाय राहणाऱ्या १५ ते २९ वयोगटातील विद्यार्थ्यांचा घरखर्च चालवण्यात सहभाग असेल, तर ते बिऱ्हाड या गरजेत धरायचेच नाही असा नियम आहे, कारण शिक्षण हा तात्पुरता टप्पा समजला जातो. टप्पा तात्पुरता असतो हे मला मान्य आहे. पण त्या दोन वर्षांत एका खोलीत तिघे झोपतात, त्याची नोंद देशाच्या मुख्य निर्देशांकात नसावी हे मला पटत नाही, कारण जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी घर बांधत नाही.

बांधकामाचे आकडेही दाजींनी काढले होते. २०२४ मध्ये कॅनडात २,४५,१२० घरांची कामे सुरू झाली. काम सुरू झाले याचा अर्थ पायाचे काँक्रीट पडले एवढाच. ३५ मजली टॉवरचा पाया भरला की त्यातली सगळी घरे त्या महिन्यात धरली जातात, किल्ल्या मात्र काही वर्षांनी मिळतात. शिवाय दर महिन्याच्या बातमीतला आकडा पाहताना तो हंगामानुसार सुधारून वर्षाच्या दराने मांडलेला असतो, हे लक्षात ठेवावे. सीएमएचसीच्या जून २०२५ च्या अंदाजानुसार परवडण्याची स्थिती २०१९ च्या पातळीवर आणायची असेल, तर २०३५ पर्यंत दरवर्षी ४.३ ते ४.८ लाख घरांची कामे सुरू व्हायला हवीत. भाच्याच्या दोन वर्षांत यातले फारसे काही त्याच्या वाट्याला येणार नाही.

मग तक्त्यात आम्ही काय लिहिले? अभ्यासाचा परवाना मिळवताना विद्यार्थ्याने वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम पूर्वी १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. बाराने भागले तर महिना सुमारे १,९०८ डॉलर येतात. कॉलेजच्या परिसरातल्या खोल्यांच्या जाहिराती आम्ही तीन आठवडे रोज संध्याकाळी नोंदवल्या आणि त्यातली मधली रक्कम भाड्याच्या रकान्यात लिहिली. तिच्यासमोर दाजींनी वेगळी ओळ घातली ती शेवटच्या महिन्याच्या भाड्याची. ओंटारियोत घरमालकाला आगाऊ अनामत म्हणून जास्तीत जास्त तेवढीच घेता येते, त्यामुळे कोणी तीन-चार महिन्यांचे भाडे आगाऊ मागत असेल तर ती मागणी कायद्याबाहेरची आहे. एक खोली स्वस्त होती, पण तिथे स्वयंपाकघर मालकाबरोबर सामायिक होते. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर मालकाच्या कुटुंबाबरोबर वापरायचे असेल तर प्रांताचा भाडेकरू कायदा लागूच होत नाही, आणि वाढीची मर्यादा, नोटिशीची मुदत असे कोणतेच संरक्षण उरत नाही. ती खोली आम्ही सोडून दिली.

जी ठरवली ती बेसमेंटच आहे, पण तिला स्वतंत्र दार आणि चूल आहे. खिडकीही पुरुषभर रुंद आहे, मी मोजून आलो. पुढची जनगणना १२ मे २०२६ रोजी आहे. बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांची नावे फॉर्ममध्ये लिहायची असतात हे मालकीणबाईंना मी आताच सांगून ठेवले आहे, आणि दाजींनी ती तारीख तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लाल शाईने लिहिली आहे.