प्रेअरी डॉग मारायला जागा शोधता शोधता

आईला फोनवर सांगितलं की शनिवारी प्रेअरी डॉग मारायला चाललोय, तर ती जरा गप्पच झाली आणि मग म्हणाली, "अरे तिकडं जाऊन कुत्री मारायला लागलास होय?" मग कुत्रा नाही गं, खारीच्या गोतातलं जनावर आहे, घुशीसारखी बिळं करून वसाहत करून राहतं, भुंकल्यासारखा आवाज काढतं म्हणून डॉग म्हणतात, हे समजवेपर्यंत माझा चहा गार. तर सांगायचं म्हणजे मारणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरी दगदग जागा शोधण्याची, मला मार्चमध्ये डोक्यात आलं आणि पहिली नीट शिकार व्हायला जुलै उजाडला.

मी अमेरिकेत, कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला असतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. टीममधला एकजण म्हणाला माझी रायफल घे आणि चल, त्यात काय. पण नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं इथं बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही आणि मित्राची हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे तुमच्याकडं चालू हंटिंग लायसन्स असणं. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदूक, उलटं केलंत तर नोकरी व्हिसा सगळंच टांगणीला. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. आणि लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशन, कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना ते लागतं. वर्गात मी आणि बाकी बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं. तारेचं कुंपण ओलांडायच्या आधी काय करायचं, या प्रश्नाला शेजारच्या पोरीचा हात माझ्या आधी वर गेला. (बंदूक रिकामी करायची.) मग स्मॉल गेम, म्हणजे छोट्या जनावरांच्या शिकारीचं लायसन्स काढलं. शेजारच्या वायोमिंगमध्ये प्रेअरी डॉगला लायसन्सच लागत नाही म्हणून लोक तिकडं जा म्हणतात, पण आपल्यासारख्याला तिथंही खिशात कुठल्यातरी राज्याचं लायसन्स पाहिजेच, ते जनावरासाठी नाही, व्हिसासाठी.

जागेसाठी आधी सरकारी जमीन बघितली, फुकट आहे म्हणून. फोर्ट कॉलिन्सच्या पूर्वेला पॉनी नॅशनल ग्रासलँड आहे, साधारण १,९३,००० एकर. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतकरी देशोधडीला लागले, सरकारनं त्या जमिनी विकत घेतल्या आणि पुढं १९६० मध्ये त्याचं नॅशनल ग्रासलँड झालं. पण ज्यांनी विकल्या नाहीत त्यांच्या मधेमधे राहिल्याच, त्यामुळं नकाशा उघडला की गोधडी दिसते, एक तुकडा सरकारी, त्याला लागून खाजगी, पुन्हा सरकारी. त्यात परत स्टेट ट्रस्ट लँडचे चौकोन, जे शाळांच्या उत्पन्नासाठी राखलेले. मला वाटलं राज्याची जमीन म्हणजे पब्लिकच की. तर नाही, ती कुणा रँचरला, म्हणजे गुरं पाळणाऱ्याला, भाड्यानं दिलेली असते आणि शिकारीच्या योजनेत नसली तर तिथं पाय ठेवायचा नाही. आणि कोलोराडोत खाजगी मालकानं पाटी लावायची सक्ती नाही, परवानगी आहे का हे बघणं आपल्या गळ्यात, "बोर्ड दिसला नाही साहेब" चालत नाही.

एप्रिलमध्ये जायचं ठरवलं होतं तेव्हा कळलं की सरकारी जमिनीवर १ मार्च ते १४ जून प्रेअरी डॉगची शिकार बंद, पिल्लांचे दिवस असतात. खाजगीवर आमच्याकडचे काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग वर्षभर मारलेले चालतात. मग मे महिन्यात नुसती दुर्बीण घेऊन हिंडलो आणि ते बरंच झालं, कारण एकदा मस्त वसाहत सापडली म्हणून तासभर तिथं बसून डब्यातला पराठा बिराठा खाल्ला, उठून टेकाडावर आलो तर फोनला रेंज आली आणि निळा ठिपका खाजगी तुकड्याच्या बरोबर मध्यात. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यायला विसरलो होतो, चूक माझीच. तेव्हा हातात बंदूक असती तर?

जूनच्या शेवटी सरकारी तुकड्यावर पहिल्यांदा बसलो. तिथले प्रेअरी डॉग भलतेच शिकलेले, गाडीचं दार लागलं की तीनशे यार्डावरचा पण बिळात. त्यात वारा, त्या माळावर वारा कधी थांबतच नाही. तासाभरानं एका मातीच्या उंचवट्यावर तपकिरी डोकं दिसलं, स्कोपमध्ये घेतलं, श्वास सोडला आणि त्या डोक्यानं मान जी वळवली ती पार पाठीमागं. पिवळे डोळे. बरोइंग आऊल! हे घुबड त्यांच्याच रिकाम्या बिळात घरटं करतं आणि त्याला कायद्यानं संरक्षण आहे. बोट ट्रिगरच्या बाहेर होतं म्हणून वाचलो, घुबडही आणि मीही. त्या दिवशी नंतर काही मारलंच नाही. तेव्हापासून नियम केलाय, जनावर उभं राहिल्याशिवाय आणि आधी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय रायफलला हात नाही.

मग खाजगी. हे मला जास्त जड गेलं, कारण अनोळखी माणसाच्या दारात जाऊन तुमच्या रानात गोळ्या मारू का विचारायचं, आणि तेही माझ्या रंगाच्या आणि उच्चाराच्या माणसानं. पहिल्या घरी कुत्र्यानं गाडीतून उतरू दिलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं आमचं रान पैसे घेऊन शिकारी आणणाऱ्याला दिलंय, तिसऱ्या बाई गोड बोलून नाही म्हणाल्या. चौथ्या ठिकाणी एक आजोबा पाण्याच्या टाकीचा फ्लोट दुरुस्त करत होते. मी पाना धरला, त्यांनी बोल्ट आवळला, मग विचारलं. ते म्हणाले गरज नाही, विष घालतो मी, झिंक फॉस्फाइड. म्हणलं आमच्याकडं पण तेच! वडील सांगलीकडं वाळव्याला उसाच्या बांधावर घुशींना हेच घालतात, भरडीला तेल लावून, पण आधी दोन-चार दिवस नुसती भरड ठेवायची, नाहीतर घुशी तोंड लावत नाहीत. आजोबा पाना खाली ठेवून माझ्याकडं बघायलाच लागले, ते पण आधी साधे ओट टाकतात आणि मग विषाचे. त्यानंतर अर्धा तास शिकारीचा विषयच नाही. घुशीच्या बिळात मिरचीचा धूर कसा सोडतात ते मी सांगत होतो आणि ते खो-खो हसत होते. जाताना स्वतःहून म्हणाले, मागच्या रानात ये.

अटी त्यांनी पाना हलवत सांगितल्या. यायच्या आधी फोन, फाटक जसं असेल तसंच सोडायचं, उघडं तर उघडं. टाकीकडं तोंड करून बार नाही. गाडी गवतावर न्यायची नाही, जुलैत सायलेन्सरच्या तापानं पेटतं आणि मग वीस मैल बघायला नको. रिकामी काडतुसं वेचून न्यायची. मी आपण होऊन बिनशिशाच्या गोळ्या वापरल्या, मेलेले प्रेअरी डॉग ससाणे-गरुड खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. महाग पडतात, पण ठीक आहे. सकाळी सात ते दहा बसायचो, नंतर ऊन चढलं की ते आत आणि आपण पण घरी. पाच-सहा शनिवार झाले, शेवटी शेवटी तर आजोबांच्या घरच्या आजी बाहेर कॉफी घेऊन यायच्या, पातळ, पण नाही कसं म्हणायचं.

या मार्चमध्ये फोन करून गेलो तर रान गप्प. एकही भुंकत नव्हतं. बिळांच्या तोंडाला कोळ्यांची जाळी आणि दोन मेलेले वरच पडलेले, कशानं खाल्लेले पण नाहीत. मला एकदम माझ्या आजीच्या तोंडची "उंदीर पडले" ही गोष्ट आठवली, तिच्या सासऱ्यांच्या वेळी उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं. तोच प्लेग, १८९७ ला पुण्यात होता तोच, १९०० च्या सुमारास जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि पिसवांवरून इथल्या माळात पसरला. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत शिरला की जवळपास सगळी संपतात. तिथनं तसाच मागं फिरलो, बूट घरात नेले नाहीत, आजोबांना सांगितलं की कुत्र्याला तिकडं सोडू नका.

ते म्हणाले चला, विषाचे पैसे वाचले. त्यांच्या मेव्हण्याचं रान तीस मैलांवर आहे, तिथं भरपूर आहेत म्हणे, पण गाई विताहेत, तेव्हा मे लागल्याशिवाय फोन करू नकोस असं बजावलंय. मी आपला परत नकाशा उघडून बसलोय, यावेळी ऑफलाइन उतरवून.