हरलेल्या कॅप्टनच्या हातात माईक

नागपुरात आमच्या मंडळाच्या क्लब फुटबॉल स्पर्धेची फायनल दर हिवाळ्यात होते. त्या दिवशी नारळ फुटतो, पाहुण्यांची ओळख होते, टॉस होतो. ते दरवर्षी तेच, त्यावर लिहीत नाही.

गर्दीचं मात्र लिहायलाच हवं. कामठीचा संघ फायनलला आला की म्हातारे मफलर गुंडाळून ऑटोमोटिव्ह चौकावरून मैदान गाठतात. १८२१ पासूनच्या छावणीचं ते गाव, रब्बानी फुटबॉल क्लबचं गाव. तिथं आजोबा नातवाला ऑफसाइड समजावतात. आणि मैदान ज्यांच्या दारात आहे, ती आपली मंडळी? बक्षिसांच्या फोटोला येतात. पत्रिका मी स्वतः घरोघरी दिलेली असते, म्हणून जास्त लागतं.

मी थांबतो ते एका गोष्टीसाठी. आमच्याकडे माईक आधी हरलेल्या कॅप्टनला मिळतो. आमच्या दिवंगत अध्यक्षांनी पाडलेली ही रीत. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात वस्तीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं. अध्यक्ष म्हणायचे, पोट्ट्यांना बॉल मिळाला, आता कोणी त्यांचं ऐकूनही घ्या.

एक फायनल डोळ्यांपुढून हलत नाही. ९० मिनिटं गोलशून्य, जादा वेळेतही तेच. मग पेनल्टी. पाचवी किक कॅप्टनने घेतली. ११ मीटरवरून मारलेला बॉल बारवरून गेला. धुळीनं माखलेल्या जर्सीत तो माईकपुढे आला, बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "थे किक माही होती. पोट्ट्याईचं काही चुकलं नाही." आणि पुढे, त्याच्या संघातल्या जखमी बचावपटूला मेयो हॉस्पिटलला घेऊन गेलेल्या ऑटोवाल्या भाऊंचे आभार मानले. ते भाऊ समोरच्या संघाचे पाठीराखे होते! जिंकलेला गोलकीपर उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मला पुढचं काही नीट दिसलं नाही.

आता आभार, आणि कोणी सुटलं तर माझ्यावर रागवा, मंडळावर नको. पहाटे फक्की मारणारे दोघे भाऊ, फाटकं नेट शिवून देणारे काका, हाफटाइमला संत्री सोलून ठेवणाऱ्या ताई आणि त्यांच्या सुनबाई, तर्री-पोह्यांचं पातेलं दुपारपर्यंत गरम ठेवणारे दादा, बर्फाचा डबा सांभाळणारा, माईकवाले, खुर्च्या उचलणारी कॉलेजची पोरं. लाइनमनचे झेंडे घरी धुऊन आणणाऱ्या काकू राहिल्याच होत्या.

आणि नाल्यात गेलेला बॉल दर वर्षी काढून आणणारा तो लहानगा. यंदा तो स्वतः उजवीकडून खेळणार आहे. पहिल्या मॅचला तरी या.