दवाचे थेंब, दुपट्टा आणि मोटारीचे बटण

मागच्या नोंदीत दाखवलेले ‘दाबून धरा, मग मोटार सुरू’ हे बटण विहिरीवरच्या मोटारीच्या स्पर्शपडद्याच्या पॅनेलमधून मी काढून टाकत आहे. हरभऱ्याच्या ओलितात, रात्रपाळीची लाईन असताना, कोणाचाही हात न लागता मोटार बंद पडली आणि पुढे एका पहाटे तशीच आपोआप सुरूही झाली. त्या क्षणी फूटवॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) साफ करायला कोणी विहिरीत उतरलेले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. म्हणून मोटारीच्या वेळापत्रकाचे काम बाजूला ठेवून मी स्पर्शाच्या कच्च्या नोंदी तपासत बसलो.

त्यात दोन वेगळी कारणे सापडली. काँटॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जाताना उठणाऱ्या विद्युत गोंगाटामुळे क्षणभराचे खोटे स्पर्श येत होते. त्याच्या कॉइलवर स्नबर (असा गोंगाट शमवणारा भाग) लावला, बोर्डाचा पुरवठा वेगळा केला आणि सलग काही वाचनांत तोच बिंदू दिसला तरच तो स्पर्श मानायचा असे ठरवले, तेव्हा ते पूर्ण थांबले. हे यश मला मोठेच वाटते, कारण स्पर्श ओळखणारी जीटी९११ ही चिपच बदलावी लागेल असे मी जवळजवळ धरून चाललो होतो.

दुसरे कारण थेंबांचे होते, आणि ते सहजासहजी सुटले नाही. कपॅसिटिव्ह काच बोट ओळखत नाही, ती इलेक्ट्रोडमधल्या विद्युतक्षेत्रात झालेला बदल मोजते. सुटा थेंब फारसा त्रास देत नाही, पण तोच ओघळून खालच्या अर्थिंग केलेल्या ॲल्युमिनियम चौकटीला टेकला की काचेला बोटासारखाच भासतो. माझी ‘सुरू’ आणि ‘बंद’ ही दोन्ही बटणे नेमकी खालच्या कडेला होती. शिवाय थेंब जागेवर बसून राहतो, त्यामुळे एलव्हीजीएल या पडद्याच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतल्या मुळातल्या ४०० मिलिसेकंदांऐवजी दोन सेकंद धरायला लावले तरी माणसाची तेवढी गैरसोय वाढते आणि थेंबाला काहीच फरक पडत नाही. पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी १९८८ मध्ये तपासलेली, बोट उचलल्यावर नोंद घेण्याची पद्धत चुका कमी करते, पण थेंब गळून पडणे हेसुद्धा काचेच्या दृष्टीने बोट उचलणेच असते.

उपाय दिशेत सापडला. थेंब खाली ओघळतो, आडवा जात नाही. म्हणून आता चौकटीपासून दूर, वरच्या भागात आडवा स्लायडर आहे. पाच इंची, ८००×४८० पडद्यावर साधारण ७.४ पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे स्लायडरची मूठ ११० पिक्सेलची, म्हणजे जवळपास १५ मिलिमीटरची ठेवली आहे. स्पर्श मुठीवरच सुरू झाला पाहिजे, पट्ट्याबाहेर गेला की रद्द, आणि बोट उजव्या टोकाच्या खाचेतच उचलले तर मोटार सुरू.

तरीही दुपट्ट्याने काच पुसली की आडवाच फराटा उमटतो. ओल्या कापडाचे सहसा एकाहून अधिक बिंदू येतात, म्हणून दुसरा बिंदू दिसताच हालचाल रद्द करण्याचा नियम घातला. मात्र ओल्या बोटामागे राहिलेली पाण्याची रेघसुद्धा दुसरा बिंदू म्हणून येते आणि खरा माणूस अडतो. आता मुठीच्या लगेच मागे, त्याच पट्ट्यात उमटलेला बिंदू मी रेघ समजून सोडून देतो. शेजारच्या वावरातल्या काकांची बोटे कापूस वेचून कोरडी आणि घट्ट झालेली आहेत. त्यांच्यासाठी संवेदनशीलता वाढवली की थेंबही जागे होतात, त्यामुळे तो आकडा अजून पक्का झालेला नाही.

काचेबद्दल एक मत नोंदवतो. ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेले जाड ॲक्रिलिक झाकण मी परत केले आणि नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानातून पातळ टेम्पर्ड काच हाताळून घेतली. फरक पहिल्याच स्पर्शात कळतो. दाबावर चालणाऱ्या रेझिस्टिव्ह पडद्याला पाण्याची फिकीर नसते हे खरे, पण काळ्या मातीच्या कणांनी त्याचा वरचा थर लवकर ओरखडतो.

मोटार चालण्याची वेळ वाढवण्याची बटणे मात्र बोट टेकताच चालतात, शेजारी ‘मागे घ्या’ असते, आणि तिथे मी कुठलीही अडवणूक ठेवणार नाही. मोटारीचे तसे नाही. चुकून थांबलेली मोटार तिचे वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) निवेपर्यंत लगेच चालू करता येत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. तातडीने थांबवण्यासाठी लाल मशरूम बटण स्टार्टरच्या स्टॉप सर्किटमध्ये थेट तारेने जोडलेलेच आहे, मग पडद्यावरच्या ‘बंद’ने क्षणात चालावे हा आग्रह कशासाठी? म्हणून पडद्यावरचे ते ‘बंद’चे मोठे लाल बटणही काढतो आणि त्याच स्लायडरवर उजवीकडे सुरू, डावीकडे बंद अशी मांडणी करतो. प्रत्येक कृतीनंतर मूठ काही वेळ कुलूपबंद राहील. मोटार टप्प्याने सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरच्या टायमरला ती थांबण्याची वेळ तशीही लागते. पुढच्या पाळीत काकांच्या कोरड्या हातांनी आणि तुषार संचाच्या फवाऱ्याखाली मी हीच मांडणी तपासणार आहे. जीटी९११ प्रत्येक बिंदूचा आकारही कळवतो, तो आकडा या वेळी नोंदीत घेतो. थेंब, बोट आणि कापड त्यावरून वेगळे ओळखता आले तर दुसऱ्या बिंदूचा नियम सैल करता येईल.