आमची वाटचाल : जुने बोर्ड, नवे कर्नल

भोसरीच्या एमआयडीसीतील एका गाळ्यात आमची फर्म सुरू झाली, ती यंत्रांची कंपने मोजणारी उपकरणे बनवण्यासाठी. पंप, ब्लोअर आणि गिअरबॉक्सवर बसणाऱ्या या उपकरणांसाठी आम्ही ब्लॅकफिन प्रोसेसर निवडला, कारण सिग्नलचे विश्लेषण आणि इतर नियंत्रण ही दोन्ही कामे तो एकटा सांभाळत असे. २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, २.६.२२ या आवृत्तीत त्याचा समावेश झालेला असल्यामुळे नेटवर्क आणि फाइल सिस्टिम आम्हाला स्वतः लिहाव्या लागल्या नाहीत. लहान फर्मला हा केवढा मोठा आधार असतो, हे या धंद्यातील माणसालाच कळेल.

जून २०१८ मध्ये आलेल्या ४.१७ या आवृत्तीतून ब्लॅकफिनसह आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या रचना) काढून टाकण्यात आली. कर्नलचे विकासक आर्न्ड बर्गमन यांनी हाती घेतलेल्या या सफाईत कोडच्या लाखो ओळी गेल्या आणि संपूर्ण कर्नल आधीच्या आवृत्तीपेक्षा लहान झाला. आमच्या ग्राहकांना हा अन्याय वाटला. चालू असलेला कोड तसाच राहू दिला तर कोणाचे काय बिघडते, असा त्यांचा रास्त प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देता देता आमच्या कामाची दिशाच बदलली.

न वापरलेला कोडही फुकट राहत नाही. कर्नलमधील टायमरची पद्धत २०१७ मध्ये बदलली, तेव्हा ती वापरणारी प्रत्येक फाइल बदलावी लागली, मग ते हार्डवेअर कोणाच्या टेबलावर असो वा नसो. चाचणी न झालेला असा बदल चालतो की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. ३८६ प्रोसेसरचे उदाहरण तर फार बोलके आहे. कर्नल स्वतः लिहीत असताना तो प्रोसेसर मेमरीच्या पानावरचे (ठरावीक आकाराच्या तुकड्यावरचे) 'फक्त वाचनासाठी' हे बंधन पाळतच नसे, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी तपासणी बाळगावी लागे. लिनक्सचा जन्म ज्या प्रोसेसरवर झाला, त्याचाच आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत काढला गेला. तो निर्णय योग्यच होता, असे आमचे ठाम मत आहे.

ग्राहकांची जुनी उपकरणे आम्ही ब्लॅकफिन अजून असलेल्या ४.१४ या दीर्घकालीन आवृत्तीवर नेली. तिला जानेवारी २०२४ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या, आणि तेवढ्या अवधीत बहुतेकांचे बोर्ड एआरएम प्रोसेसरवर आणता आले. ब्लॅकफिनवर मेमरी व्यवस्थापनाचे युनिट नसल्यामुळे 'फोर्क' (चालू प्रोग्रॅमची प्रत काढण्याची सोय) चालत नसे, म्हणून आमचे प्रोग्रॅम वेगळ्या घाटाने लिहिलेले होते. ते एकेक करून पुन्हा बांधणे हे या वाटचालीतील सर्वांत कष्टाचे आणि आम्हाला सर्वाधिक शिकवणारे काम ठरले. आज इतर उत्पादकांची जुनी उपकरणे नव्या कर्नलवर आणून देणे हाच आमचा मुख्य व्यवसाय आहे.

नवा प्रोसेसर निवडताना आम्ही किंमतपत्रकाआधी कर्नलमधील 'मेंटेनर्स' ही, कोणता भाग कोण सांभाळतो हे सांगणारी, फाइल उघडतो. तिथे त्या चिपच्या ड्रायव्हरपुढे (ती चालवणाऱ्या कोडपुढे) 'ऑर्फन', म्हणजे सांभाळणारे कोणी नाही, असे लिहिलेले असेल, तर चिप कितीही स्वस्त असली तरी ती घेत नाही. ज्या चिपवर आमची उपकरणे चालतात, तिच्या ड्रायव्हरची चाचणी प्रत्येक नव्या आवृत्तीवर आमच्याच गाळ्यात होते आणि आढळलेल्या दोषांचे पॅच (दुरुस्त्या) आम्ही मेंटेनरकडे पाठवतो. या कामाचा खर्च आता आमच्या वार्षिक देखभाल करारात वेगळा नमूद केलेला असतो, आणि ग्राहक तो समजून उमजून देतात.