प्रश्न शेजारच्या खुर्चीला

मी बिअर पिते. शनिवारी रात्री, मैत्रिणीच्या गच्चीवर, एक थंडगार पाइंट आणि भाजलेले शेंगदाणे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की एकाचे दोन होतात. हे सरळ लिहून टाकते, कारण संधिवाताची, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसची, औषधं सुरू झाली तेव्हा मला हे कोणी विचारलंच नाही.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बाकी सगळं विचारलं. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, पाळी, मूल हवंय का. हेपॅटायटिस बी आणि सी, लिव्हर, छातीचा एक्स-रे, सगळं तपासून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, “दारू वगैरे घेता का घरी?” नवरा बिचारा बिनसाखरेच्या चहावर जगणारा माणूस. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो, आणि प्रश्न मात्र शेजारच्या खुर्चीला! मी म्हटलं, “सर, हे नाही. मी घेते.”

यानंतर मात्र त्यांनी नीट समजावलं.

माझी मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, माझी रविवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून माझा हिशेब असा, की गोळी रविवारी तर बिअर बुधवारी, म्हणजे दोघींची गाठच पडणार नाही. डॉक्टर हसले. औषध रक्तातून लवकर जातं, पण पेशींमध्ये, लिव्हरच्यासुद्धा, ते मुरून बसतं. त्यामुळे वार बदलून काही साधत नाही, आठवड्याभरात एकूण किती दारू पोटात गेली हे महत्त्वाचं. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मळमळ आणि तोंडातले फोड कमी करते, बिअरची परवानगी देत नाही.

किती चालते यावर २०१७ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या जवळपास १२ हजार संधिवाताच्या रुग्णांची माहिती तपासली होती. आठवड्याला १४ युनिटच्या आत पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे एन्झाइम बिघडण्याचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा विशेष वाढलेला दिसला नाही. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या भाषेत, ४२.८ टक्केवाल्या व्हिस्कीची एक क्वार्टर साडेसात युनिटच्या वर जाते. आठ टक्केवाली स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली, पाच युनिट. माझा साधा पाइंट, म्हणजे छोटी बाटली, दीड-पावणेदोन. आकडा ऐकून मी खूश, तर त्यांनी माझी सोनोग्राफी पुढे सरकवली. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. त्या १४ मध्ये मी बसत नाही म्हणे. महिन्याकाठी एखादा पाइंट, तोही एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम, नीट असेपर्यंत. रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचंच आहे.

खरी ताकीद दुखण्याच्या गोळ्यांबद्दल होती. डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणि वर दारू म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. लग्नाच्या रात्री पिऊन, नाचून, गुडघे धरले म्हणून गोळी टाकणारे आपल्या घरोघरी सापडतील.

माझ्या मैत्रिणीलाही हाच आजार, पण तिला लेफ्लुनोमाइड चालू आहे. तिच्या डॉक्टरांनी तिला दारू साफ बंद सांगितली. “काहून? तुला पाइंट आन् मला लिंबूपाणी?” पुतण्याच्या लग्नापुरती आठवडाभर गोळी बंद ठेवायचा तिचा बेत होता. पण ते औषध शरीरातून पूर्ण जायला महिने लागतात, कधी दोन वर्षंसुद्धा. तेव्हा लग्नात ती सोड्यावर राहिली. गच्चीवरही आता सोडाच घेते, आणि बिल सारखं वाटायचं म्हटलं की भांडते.