सांगलीतला अर्धा गुण

आमच्या शाळेत बुद्धिबळ शिकवणारे सर मूळचे गणिताचे. नव्या मुलाला ते सुरुवातीच्या खेळ्या सांगत नसत. पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि एकच प्यादे मांडत आणि कमी बाजूने डाव वाचवायला सांगत. हा क्रम योग्यच होता, हे मला नववीत असताना सांगलीच्या उन्हाळी स्पर्धेत पटले.

भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडूंमुळे सांगलीत पटावर बसताना एक प्रकारचा धाक वाटे. माझ्यासमोर कोल्हापूरची, वयाने माझ्याहून लहान मुलगी पांढरी मोहरी घेऊन बसली होती. प्रत्येक खेळी लिहून झाली की ती पेन्सिल कागदाच्या कडेला अगदी सरळ ठेवी. वजिरावजिरी झाल्यावर तिने सुरेख खेळून एक प्यादे जिंकले आणि हळूहळू पटावर नेमकी सरांनी मांडलेली स्थिती उभी राहिली.

माझा राजा तिच्या प्याद्याच्या वाटेत शेवटच्या घरात होता, आणि हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या ओळीत उभा असल्यामुळे तिच्या राजाला पुढे सरकता येत नव्हते. फ्रेंच खेळाडू फिलिडोर याने १७७७ मध्ये मांडलेल्या या बचावात खरी कसोटी असते ती धीराची. प्यादे त्या ओळीत येईपर्यंत हत्तीने ओळ सोडायची नाही. ते येताच मात्र हत्तीने थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह देत राहायचे. राजाने जिथे आडोसा घ्यायचा, ते घरच प्याद्याने अडवलेले असते, त्यामुळे शह संपत नाहीत.

तिने बराच वेळ हत्ती इकडेतिकडे हलवून पाहिला, अखेर प्यादे पुढे ढकलले, आणि माझा हत्ती खाली गेला. आणखी काही शहांनंतर तिने बरोबरी देऊ केली. नंतर शेजारच्या रिकाम्या पटावर आम्ही तीच स्थिती पुन्हा मांडली. तिने मला काळ्याच्या जागेवरून उठवले आणि तो बचाव स्वतः खेळून पाहिला. माझ्या त्या स्पर्धेतल्या विजयांपेक्षा ही बरोबरी मला आजही अधिक मोलाची वाटते.

महोत्सवी वर्षात शाळेने बुद्धिबळाचा वर्ग पुन्हा सुरू करावा आणि त्याचा पहिला महिना केवळ अंतिम डावांसाठी ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी लागणारे पट आणि घड्याळे देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेतो.