संख्यारेषेवरची छिद्रं
आज प्रथम वर्षाच्या वर्गात वास्तव संख्या, म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्या, सुरू केल्या. कोणत्याही दोन परिमेय संख्यांची (म्हणजे दोन पूर्णांकांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येणाऱ्या संख्यांची) सरासरी काढा, मधोमध आणखी एक परिमेय संख्या मिळतेच. मग संख्यारेषा भरून गेली का? बहुतेकांनी 'हो' म्हटलं, आणि तसं वाटणं स्वाभाविकच आहे.

मग √२ घेतला. समजा √२ = म/न, अतिसंक्षिप्त रूपात. म्हणजे म² = २न², म्हणून म सम. म = २क ठेवलं की न² = २क², म्हणजे न सुद्धा सम. पण अतिसंक्षिप्त अपूर्णांकात दोन्ही सम असूच शकत नाहीत! म्हणजे √२ परिमेय नाही, अपरिमेय आहे; फक्त परिमेय संख्या घेतल्या तर रेषेवर तिथे छिद्र राहतं. चार ओळींची ही सिद्धता मला दरवेळी तितकीच आवडते.

अशी छिद्रं बुजवून वास्तव संख्यांची काटेकोर रचना जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) तर त्याआधी जवळपास दोनशे वर्षं वापरात होतं.

शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच येणार ना?" किती छान प्रश्न! २+√२ आणि २−√२ घ्या. बेरीज ४, गुणाकार २. आणि परिमेय अधिक अपरिमेय? ती मात्र नेहमी अपरिमेयच. का, ते उद्या मुलंच फळ्यावर सिद्ध करणार आहेत.